चव्वेचाळीस किलो

दुष्काळाच्या साली पाय मोडून दीड महिना बाजेवर काढला, पण डोक्यात एकच वळवळ: अठ्ठेचाळीस किलोंची मी कबड्डीच्या पंचेचाळीस किलोंच्या गटात बसणार कधी? रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीनं ते काम केलं. पलास्तर निघालं त्याच दिवशी लंगडत सोसायटीच्या धान्यकाट्यावर चढले. काटा धरणारे महेबूबचाचा ओरडले, "चव्वेचाळीस! पोरी, रिकामं पोतं झालीस की!" मी टाळ्याच पिटल्या. बरोबर आलेल्या खेळाच्या बाईंनी माझ्या दोन्ही पोटऱ्या चाचपल्या अन् मोडलेल्या पायावर हात ठेवला. "सगळं वजन ह्याच पायातनं गेलंय. हा भरेपर्यंत संघात न्हाय." "कशानं भरंल, बाई?" "दूध, अंडी, शेंगदाणे." चाचा हसले, "ह्या साली?" मला राहवेना. तिथंच चांगला पाय उचलला अन् त्या काडीवर उभं राहून "कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. पाय लटलटला, बाई ओरडल्या, चाचांनी हात पुढं केला. मी तो धरला नाही, दमही सोडला नाही.