कान

दस्तगीरचाचांनी उघडलेल्या बॉनेटखाली दुसऱ्याच माणसानं डोकं घातलं होतं. तो शलाकाच्या प्रतिस्पर्ध्याचा मेकॅनिक होता, आणि शर्यतीला जेमतेम तास उरला होता. तिला येताना पाहून तो घाईघाईनं निघून गेला.

"तो काय करत होता इथं?"

"काय न्हाई, असंच," चाचा म्हणाले. त्यांनी नजर चुकवली.

बारा वर्षं तिची गाडी याच माणसाच्या हातात होती. तरी आज तिच्या मनात आलं, यांनी आपल्याला विकलं तर नाही ना? तिनं गाडी चालू केली आणि इंजिनाचा आवाज ऐकत पेट्रोल-हवेचं प्रमाण जुळवायचा कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू स्वतःच तपासायला घेतला. तो थोडा आत फिरवताच इंजिन धापा टाकू लागलं. एरवी चाचांनी तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर हिसकावला असता. आज ते शेजारी शांत उभे होते.

"चाचा, इंजिन बंद पडतंय!"

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, सहा महिने झालं, बारीक आवाज ऐकूच येत न्हाई. स्क्रू मीच फिरवतो, तो मघाचा माझा जुना चेला, फक्त ऐकून सांगतो. तुला कळलं तर दुसरा मिस्त्री बघशील, म्हणून बोललो न्हाई."

शलाकानं स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला आणि स्वतः इंजिनावर वाकली.

"फिरवा. अजून थोडा. अजून... बास, चाचा!" ती जोरात ओरडली.