डावीकडे ओढणारी गाडी

या, जरा जवळ सरकून बसा. देवादिकांची आख्यानं नेहमीच ऐकता, आज डोंबिवलीतल्या एका गाडीचं ऐका. गाडी नवी कोरी होती, आणि डावीकडे ओढत होती.

गाडी त्र्यंबकरावांची. बँकेतून निवृत्त झाल्यावर घेतलेली. पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली, आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी डाव्या अंगाला जाते. पत्नीला, सुमतीबाईंना, शेजारी बसवून ते ठाण्याला, माजिवड्याच्या वर्कशॉपला गेले.

अलाइनमेंटच्या मशीनवर दिपेश होता. ठाकुर्लीचा राहणारा, चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. त्याने चाकं सरळ करून दिली. तरी त्र्यंबकराव मॅनेजरला चार शब्द सुनवायला आत गेलेच. बाहेर सुमतीबाई दिपेशला काहीतरी विचारत उभ्या होत्या.

"काय विचारत होतीस गं त्याला?" परतताना त्र्यंबकराव म्हणाले.

"मशीन कसं चालतं ते." मग म्हणाल्या, "अहो, मीही शिकू का गाडी?"

"एकसष्टाव्या वर्षी? चाकाखाली लिंबं ठेवतात गं, माणसं नाही."

सुमतीबाई हसल्या. विषय पुन्हा काढला नाही.

गाडीची किल्ली देव्हाऱ्यात असे, बाळकृष्णाच्या पायाशी. "देवापुढची वस्तू कोणी हलवत नाही," असं त्र्यंबकराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पूजा तेवढी रोज सुमतीबाई करत.

मंगळवारी दुपारी त्र्यंबकराव रेल्वेने कल्याणला पेन्शनरांच्या बैठकीला जात. तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. त्याच दुपारी सुमतीबाई ठाकुर्लीला कीर्तनाला. परत यायच्या त्या घामाघूम, पण चेहरा उजळलेला.

"काय सांगितलं आज बुवांनी?"

"नजर लांब ठेवावी म्हणाले. पायाशीच बघत राहिलं की माणूस वाकडा जातो."

"वा. मोठा अधिकारी माणूस दिसतो." त्र्यंबकरावांनी ते वाक्य पुढच्या बैठकीत सांगून टाळ्याही घेतल्या.

आणि एका बुधवारी सकाळी गाडी काढली, तर पुन्हा डावीकडे. वर्कशॉपला नेली, सरळ झाली. तीन आठवडे बरे गेले, आणि पुन्हा एका बुधवारी तेच.

"चाकं सरळ करता येत नाहीत तुला?" त्र्यंबकराव दिपेशला सगळ्यांसमोर म्हणाले. "आता तर सीटसुद्धा आपोआप पुढे सरकते."

दिपेश चाकाशी वाकलेला होता. टायरच्या कडेला दगडाला घासल्याची खूण होती, तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला. "माझ्याकडूनच राहिलं असेल, साहेब."

जरा वेळाने तो चहा घेऊन आला. सुमतीबाईंपुढे त्याने न विचारता बिनसाखरेचा कप ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

मॅनेजर म्हणाला, "लेखी तक्रार द्या, साहेब. त्याच्यावर एक आधीची आहे. दुसरी आली की आम्ही त्याला घरी बसवतो."

पुढच्या बुधवारी गाडी पुन्हा डावीकडे गेली. त्र्यंबकरावांनी टेबलाशी बसून तक्रार लिहिली, घडी घातली, खिशात ठेवली.

"अहो, राहू द्या ना," सुमतीबाई म्हणाल्या. "दोन मुली आहेत त्याला."

"तुला काय माहीत?"

"तो... बोलला होता."

"मग मुलींचा विचार त्याने करायचा. चल, बस."

त्या बसल्या. माणकोलीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढे कंटेनर, मागे बस, दोन्ही बाजूंना कठडे आणि खाली खाडी. वीस मिनिटांत एक चाक हललं नाही. सुमतीबाई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी मान मागे टेकली. कपाळावर घाम होता, हात छातीवर.

"काय होतंय?"

"दगड ठेवल्यासारखं. हात... डावा हात."

सुमतीबाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पूल मोकळा झाल्याशिवाय आत येता येणार नाही, असं उत्तर आलं. तेवढ्यात पुढचा कंटेनर हलला. मागच्या बसने हॉर्न धरला. त्र्यंबकरावांचा पाय पेडलवर नुसता ठेवलेला होता, दाबत नव्हता.

सुमतीबाई उतरल्या, गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी आल्या. बसमधून उतरलेल्या दोघांच्या मदतीने त्र्यंबकरावांना डाव्या सीटवर बसवलं. मग स्वतः स्टेअरिंगसमोर बसल्या. हात न बघता सीटखाली गेला, सीट पुढे आली. क्लच, गियर. स्टेअरिंग त्यांनी किंचित उजवीकडे धरलं, आणि गाडी सरळ निघाली.

"सुमती," त्र्यंबकराव कसेबसे म्हणाले.

"बोलू नका. नजर लांब ठेवायचीय मला."

हॉस्पिटल सतरा मिनिटांत आलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांनी डोळे उघडले. पत्नी उशाशीच बसली होती.

"गाडी डावीकडे ओढली?"

"थोडी. सवय आहे."



"माझ्या शर्टाच्या खिशात कागद आहे," ते म्हणाले. "तो फाड."

झालं, आख्यान संपलं. एवढंच मागणं, की सांजवात लावाल तेव्हा दिपेशची आठवण ठेवा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्या वारी कुठे कीर्तन असतं, हे मला तोंडपाठ आहे. मंगळवारी ठाकुर्लीत कीर्तन कधीच नव्हतं. तिथे एक मोकळं मैदान होतं, आणि मंगळवारी सुट्टी असलेला दिपेश.