खिळ्यांचा आवाज

"मला खिळ्यांच्या टायरचा आवाज नकोय," इर्मेली म्हणाली. "हिवाळाभर गाडीत कोणीतरी भजी तळतंय असं वाटतं."

तौनोच्या दुकानात नव्या रबराचा आणि कॉफीचा वास भरला होता. बाहेर पहिला बर्फ पडला होता, त्यामुळे अर्धं गाव टायर बदलायला आलं होतं. आर्वो बाकावर बसून वेलदोड्याचा गोड पाव खात होता. बायकोला मध्येच तोडायचं नाही, एवढी अक्कल त्याला संसारानं दिली होती.

"मग बिनखिळ्यांचे घ्या, वहिनी," तौनो म्हणाला. "गावात रस्ते साफच केलेले असतात. हे नवे टायर बर्फावरही छान धरतात. आवाजाचं नावच नको."

"ऐकलंस, आर्वो?"

"ऐकलं."

गाडी छोटी, बुटकी, पण अंगात भलतीच रग असलेली. आर्वोनं ती हट्टानं घेतली होती. आता तिचा रंग पार उडालाय, असं इर्मेली म्हणायची. आर्वोच्या लेखी ती अजूनही लालभडक होती. तरुणपणी दोघं रॅलीच्या शर्यतीत गाडी पळवत. तो स्टिअरिंगवर, ती शेजारी बसून पुढची वळणं सांगायची. आर्वोचं लायसन्स गेल्यापासून गाडी तीच चालवायची, त्यामुळे टायर निवडायचा हक्कही तिचाच होता. हे त्याला मान्य होतं आणि तेच त्याला खुपत होतं.

कारण गावाजवळचं तळं गोठलं की बर्फ पुरेसा जाड झालाय का ते गावकरी भोकं पाडून बघत, मग त्यावरचा भुसभुशीत थर बाजूला सारून वळणावळणांची वाट काढत आणि एका रविवारी त्यावर गाड्या पळवत. तिथे लायसन्स कोणी विचारत नसे. वर्षातला तो एक रविवार आर्वोचा होता. बिनखिळ्यांचे टायर बसले, तर तो रविवार गेलाच म्हणायचा.

"तळ्यावर खिळे लागतात," तो शेवटी म्हणाला.

"अरे, पकड सारखीच आहे म्हणतोय ना तो."

"पकडीचं नाही म्हणत मी."

तौनो मागच्या खोलीत गेला. मग त्यानं दोन टायर आणले आणि सिमेंटच्या फरशीवरून एकामागून एक ढकलले. पहिला मुकाट गेला. दुसरा, बर्फात रुतणाऱ्या लोखंडी खिळ्यांचा, खरखरत गेला आणि भिंतीला टेकला. आर्वो उठला, त्या दुसऱ्या टायरवर अंगठा फिरवत राहिला. खिळ्यांची बारीक, थंड टोकं एकेक करून बोटाखालून गेली.

"म्हातारपणी हे असले शौक," इर्मेली म्हणाली.

"गाडी तू चालवतेस. तू ठरव," आर्वो म्हणाला. तो मनापासून म्हणाला, पण टायरवरचा हात त्यानं काढला नाही.

तिनं कॉफी संपवली. कप खाली ठेवायला तिला जरा वेळच लागला.

"खिळ्यांचे बसव, तौनो," ती म्हणाली. "आणि माझ्या कानात घालायला कापूस दे."

"कापूस दुकानातर्फे, वहिनी. पण सुरुवातीला सावकाश चालवा, खिळे नीट बसू देत."

"हे त्याला सांग. त्याला आयुष्यात सावकाश जमलं नाही."

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आर्वोच्या गालांवर ऊन चटके देत होतं. अशा लख्ख उन्हात बर्फावर झाडून सगळं गाव काळे चष्मे लावतं, तसा त्यानंही लावला होता. तळ्यावरच्या रिवाजाप्रमाणे सीटबेल्ट सोडलेले, काचा खाली. बर्फ फुटलाच, तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून.

गाडी सुरू करण्याआधी तो थोडा थांबला. खूप खालून, दूरवरून बर्फाचा हुंकार आला आणि पायाखालून पलीकडच्या काठापर्यंत गेला. एवढं अथांग पाणी आपल्याला पाठीवर घेऊन निजलंय, या विचारानं दरवर्षी त्याच्या अंगावर काटा यायचा. आजही आला. आपण फार लहान आहोत, आणि तरी आपल्याला इथे येऊ दिलंय, असं त्याला वाटलं.

"डावं, लांब," इर्मेली म्हणाली. तिच्या कानात कापूस नव्हता.

त्यानं गाडी सोडली. खिळ्यांनी बर्फ खरवडायला सुरुवात केली. स्वच्छ, टणक आवाज. वळणाच्या शेवटी उजवीकडचा आवाज किंचित दबला, कडेचा मऊ बर्फ लागला होता. आर्वोनं स्टिअरिंग केसभर वळवलं. आवाज पुन्हा टणक झाला.

"उजवं, आखूड. मग सरळ, खूप सरळ."

त्या सरळ वाटेवर त्यानं गाडीला मोकळं सोडलं. थंड वारा आत घुसला, खिळे गाऊ लागले, खालून तळंही घुमत होतं. इर्मेली हसत होती, तरुणपणी हसायची तशी. आर्वोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

गाडी काठाशी थांबली, तेव्हा कोणीतरी बर्फावरून धावत खिडकीशी आलं. हेलसिंकीहून पहिल्यांदाच आलेला तौनोचा जावई होता तो.

"काका, मी आजवर असं कोणाला चालवताना बघितलं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "कडेच्या ढिगाऱ्यांना एकदाही धडकला नाहीत. डोळ्यांत तेल घालून चालवता की काय?"

"टायर चांगले आहेत," आर्वो म्हणाला.

इर्मेली उतरली, वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि तिनं दार उघडलं. मागच्या सीटवरची घडीची पांढरी काठी उलगडून तिनं त्याच्या हातात दिली.

"चार पावलं सरळ," ती म्हणाली. "मग डावीकडे पायरी."