बघायची खुर्ची

"ताई, ही नक्की माझीच कार्टी ना?" आईने कुजबुजत विचारलं.

वर्गाच्या ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. बघायच्या खुर्चीत बसलेल्या पालकाने बोलायचं नाही, हाक मारायची नाही, हसायचंसुद्धा नाही, असा त्या बालघराचा नियम होता. खुर्ची पोरांच्याच मापाची. आईचे गुडघे पार हनुवटीला आले होते. ती बस कंडक्टर होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात गणवेशातच धावत आली होती, आणि आता टेकल्यावर डोळे मिटू पाहत होते.

पण मिटणार कसे? समोर तिची पावणेतीन वर्षांची लेक केळं सोलत होती. बोथट सुरीने तिने त्याच्या चकत्या केल्या. एक खाली पडली, ती उचलून मुकाट्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली. उरलेल्या चकत्या ताटलीत घेतल्या, एकेक करून खाल्ल्या. ताटली धुतली. टेबल पुसलं, तेही कोपऱ्यांसकट. या सगळ्यात कुणी तिला बोटही लावलं नाही.

आई आधी हरखली. मग तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी हीच बया चमच्याला हात लावत नव्हती. आठ तास उभं राहून घरी यायचं आणि हिच्यासमोर बसून काऊचा घास, चिऊचा घास करत तासभर भरवायचं. तेवढ्या तासात भांडी झाली असती, कपडे झाले असते. दिवसभरात घरात ती टेकायची तो तेवढा एकच तास, आणि तोही असा हिच्या तोंडात घास कोंबण्यात जायचा.

वेळ संपली. ताईंनी मायलेकींना बाहेर चपलांच्या कप्प्यांपाशी आणलं. तिथे बोलायला मुभा होती.

"मी थकले हो ताई," आई म्हणाली. "इथे सगळं करते, आणि घरी नुसता अंत बघते माझा. माझ्यावर कसला राग काढतेय ही? तुम्हीच सांगा, काय करू?"

"मला कशाला विचारताय?" ताई म्हणाल्या. "तिला विचारा. बोलता येतं तिला."

हे आईला कधी सुचलंच नव्हतं. गुडघे कुरकुरले, तरी ती लेकीसमोर उकिडवी बसली.

"काय गं, तुला तर सगळं येतं. मग घरी का नाही जेवत आपल्या हाताने?"

लेक चपलेचा पट्टा लावत होती. तो नीट लागेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग आईकडे बघून, काहीच तक्रार नसल्यासारखं, तिने सांगून टाकलं.

"मी जेवले, की तू उठून जातेस."