पेशी तयार आहेत

गादीवाला प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला, तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं तिथं पेशी वाढवणाऱ्या बाईला झालं. परवा तिनंच त्याला फोन केला होता. तुमच्या मुलीच्या पेशी तयार आहेत, असं हसत हसत सांगितलं होतं. खरं तर प्रयोगशाळेनं रुग्णालयाला कळवायचं आणि रुग्णालयानं घरी, असा नियम. पण सहा आठवडे एक दिवसाआड खाऊपिऊ घातलेल्या पेशी पहिल्यांदाच इतक्या छान उतरल्या होत्या, आणि बाईच्या पोटात काही राहत नसे. पलीकडून तो नुसतं "बरं" म्हणाला. मुलीला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. रुग्णालयातून प्रयोगशाळेला कुणी कळवलंच नव्हतं.

ती माफी मागायला लागली, तर त्यानं हातानंच थांबवलं.

"तुमची काय चूक, ताई? एवढ्या दिवसांत तिच्याबद्दल हसून बोललेलं माणूस तुम्हीच एकट्या."

आता त्याची सही हवी होती. सही झाली की पेशी टाकून द्यायच्या. दुसऱ्या एखाद्या लेकराला देता येतील का, असं त्यानं विचारलं. नाही, बाई म्हणाली, परक्या अंगात गेल्या तर त्याच्याच जिवावर उठतील. मग त्यानं कागद बाजूला सारला आणि आधी बघू द्या म्हणाला.

बाईनं त्याला हातमोजा दिला आणि तळहातावर जेलचा एक कोरा तुकडा ठेवला. अशाच तुकड्यात मुलीच्या रक्तातल्या मूळ पेशी वाढवल्या, तिनं सांगितलं. हे अंथरूण मऊ हवं, त्यात पेशींना वाट दाखवणाऱ्या नेमक्या खुणा पेरलेल्या हव्यात, तरच त्या रोगाशी लढणाऱ्या पेशी होतात. कडक झालं तर भलत्याच वाटेला लागतात. डॉक्टरांनी हेच दोन महिने चित्रं काढून समजावलं होतं आणि सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. आता त्यानं अंगठ्यानं तुकडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"मऊ आहे, पण अंग बुडायचं नाही," तो म्हणाला. "तिची गादी अशीच केली होती मी."

उबदार कपाटातली बशी काढून बाईनं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तो वाकला.

"हलतायत."

"हो. जंतू शोधत फिरतात."

तो बराच वेळ बघत राहिला. बाईनं दोनदा घड्याळ पाहिलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

शेवटी तो स्टुलावर बसला. बायकोनं निघताना बजावलं होतं, सही करू नका, तेवढीच उरलीय ती. हे त्यानं मान खाली घालून सांगितलं आणि सांगता सांगताच सही केली, एकेक अक्षर सावकाश. बाईनं कागद घेतला. बशी अजून सूक्ष्मदर्शकाखालीच होती. त्यानं बशीकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं,

"यांना ऐकू येत नाही ना, ताई?"

"नाही."

तेव्हा कुठे तो मोठ्यानं रडला.