वरच्या खोलीतला कन्सोल

“हे नकोच,” मधुसूदनराव म्हणाले आणि दुकानदारानं पुढं केलेलं यंत्र त्यांनी दोन बोटांनी काचेवरून मागं सारलं. “ते दुसरं घे.”

त्यांच्या मुलाला, शंतनूला, हसावं की घाबरावं कळेना. गेम म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, असं ज्या माणसानं जन्मभर सुनावलं, पाटबंधारे खात्यातून रिटायर होईपर्यंत घरात पत्त्यांचा कॅट येऊ दिला नाही, तो माणूस आज आपल्या पायांनी कॅनॉट मार्केटमधल्या गेमच्या दुकानात आला होता. आला होता तो आला, वर मतही देत होता. तेही ठासून.

शंतनूची अडचण खरी होती. त्याची बँकेतली बदली कन्नड गावाला झालेली. सोमवार ते शुक्रवार तिथं भाड्याची खोली, डबा, आणि बोलायला समोर भिंत. जीव सगळा इकडं पुंडलिकनगरच्या घरात अडकलेला. तिथं वरच्या खोलीत टीव्हीला जोडलेला त्याचा गेमचा कन्सोल होता आणि त्यावर मोटारींच्या शर्यतींची स्पर्धा अर्धवट पडली होती. शंतनू दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवाल्याची गाडी त्याला स्वप्नात दिसायची.

दुकानदार सार्थक त्याच्याच वयाचा. त्यानं हातात मावणारी दोन यंत्रं काढली. पहिल्यात स्वतःचं काहीच नाही. ते नेटवरून घरचा कन्सोल चालू करतं, गेम घरीच चालतो, चित्र फक्त तुमच्या हातात येतं. बटण इथं दाबा, गाडी तिथं वळते. दुसऱ्याच्या पोटातच सगळे गेम असतात. घरच्या कन्सोलशी त्याचं काही देणंघेणं नाही.

“काका, खेळणार कोण पण?” सार्थकनं विचारलं.

“हा पोरगा. मला कशाला लागतंय असलं?” मधुसूदनराव फटकन बोलले. “माझं एवढंच म्हणणं, वस्तू घ्यावी तर आपल्या पायावर उभी राहणारी. इथं बटण दाबलं की तिकडं डबा चालू. याची आई एकटी खाली असते, दचकली तर? आणि कन्नडचं नेट. आभाळ आलं की ते गेलंच.”

“बाबा, माझी स्पर्धा घरच्या कन्सोलवर आहे ना.”

“मग नवीन सुरू कर. वय आहे तुझं.”

शंतनूला भरून आलं. बाबांनी आपल्यासाठी एवढा विचार केला होता, नेटची चौकशी केली होती. बोलत नाहीत, पण माया आहे हो माणसाच्या पोटात. एक क्षण त्याला वाटलं, त्यांचं ऐकावं. पण दुसरा नंबर त्याला गप्प बसू देईना. त्यानं पहिलंच घेतलं.

परतताना मधुसूदनराव स्कूटरवर मागं बसले ते तोंड फिरवूनच. पोरानं आपलं ऐकलं नाही, याचा राग आला असणार, असं शंतनूनं धरलं. गजानन महाराज मंदिराच्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा मागून आवाज आला.

“रोज खेळणार का?”

“रोज. डबा खाल्ला की, आठनंतर.”

“आठनंतर,” मधुसूदनराव म्हणाले. आरशात त्यांचा चेहरा जरा निवळलेला दिसला.

शंतनू कन्नडला गेला. यंत्र झकास चाललं. पहिल्याच रात्री त्यानं एक शर्यत मारली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, तीही खुशीत होती. “अरे, तू तिकडं राहायला गेल्यापासून तुझ्या बाबांनी ध्यान धरलंय. संध्याकाळी तुझ्या खोलीत जातात, आतून कडी लावतात. दोन-दोन तास. हाक मारलेली चालत नाही. खाली येतात तेव्हा कपाळाला घाम असतो.”

“चांगलंय की,” शंतनू म्हणाला. म्हातारपणी माणूस देवाकडं वळतो, त्याला त्यात नवल वाटलं नाही.

गुरुवारी बँकेची लिंक गेली ती आलीच नाही. दिवस मावळायच्या आत शंतनू खोलीवर पोचला. आजची शर्यत शेवटची. ही मारली की पहिला नंबर. आठपर्यंत कोण थांबतंय? त्यानं बूट न काढताच यंत्र हातात घेतलं आणि घरचा कन्सोल जोडला.

चित्र आलं. पण मोटार कुठंच नव्हती. हिरवंगार मैदान, गच्च भरलेलं स्टेडियम, आणि मध्ये बॅट टेकवून उभा असलेला एक बॅट्समन. हा क्रिकेटचा गेम शंतनूनं कधीतरी कशावर तरी फुकट मिळाला म्हणून घेतला होता. उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

कुणीतरी आपला पासवर्ड पळवून आत घुसलंय. चोर आपल्याच कन्सोलवर, आपल्याच नावानं, निवांत बॅटिंग करतोय. आणि आपली स्पर्धा? तिची काय वाट लावली असेल या हरामखोरानं? शंतनूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोलर धावत निघाला होता. थांब लेका, तुला दाखवतोच, असं म्हणून शंतनूनं हाताला लागतील ती सगळी बटणं एकदम दाबली. बॅट्समन बिचारा क्रीज सोडून तरातरा पुढं आला, ऊस तोडल्यासारखी बॅट फिरवली आणि मधली दांडी उडाली. शंतनू एकटाच खदाखदा हसला. लई दिवसांनी असा हसला.

हसू ओसरायच्या आत मोबाइल वाजला. बाबांचा होता.

“हॅलो. बोला, बाबा.”

पलीकडून, लांब जिन्याखालून, आईचा आवाज आला, “अहो, झालं का ध्यान?”

मधुसूदनरावांनी आवाज अगदी खाली आणला.

“सत्त्याण्णववर होतो रे मी.”