एव्हाच्या दगडावरचा शब्द

"वरची ओळ कुठल्या भाषेत, ते आधी ठरव," झाल्का म्हणाली. "लोक वरचंच वाचतात."

"वर जर्मन," एर्विन म्हणाला. "हा ऑस्ट्रिया आहे, ताई."

"आणि आई कुठली रे? चंद्रावरची?"

पाथरवट उर्बानने ओला स्पंज उचलला आणि थडग्याच्या दगडावरची खडूची ओळ पुसली. या महिन्यात कितव्यांदा, हे त्याने मोजायचं सोडलं होतं.

देवाच्या हवाली. पुसलं.

प्रिय आईस. पुसलं, कारण 'प्रिय' कुणाच्या भाषेतलं?

भाऊ जर्मनमध्ये बोलायचा, बहीण स्लोव्हेनियनमध्ये उत्तर द्यायची. दोन्ही भाषा दोघांनाही येत होत्या, त्यामुळे भांडणातला एक शब्द वाया जात नव्हता. आडनावसुद्धा दोघं वेगवेगळ्या अक्षरांनी लिहायची. ते उर्बानने सरळ गाळलं होतं. नशीब, आईचं नाव एव्हा होतं. ते दोन्हीकडे सारखंच, म्हणून तेवढं कोरून झालं होतं.

वडिलांच्या वेळी एर्विनने परस्पर जर्मन मजकूर कोरून घेतला. तेव्हापासून ही भावंडं एका टेबलावर जेवली नव्हती. आता वडिलांच्या शेजारच्या जागेचा दगड आला होता. रविवारी सर्व संतांचा दिवस. सगळं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जमणार. त्या दिवशीही दगड अर्धाच राहिला, तर पुढे हे दोघं एकमेकांचं तोंडसुद्धा बघणार नाहीत, हे उर्बानला दिसत होतं. पण आता त्याचंही डोकं उठलं होतं.

त्याने खडू घेतला, कुणाला न विचारता तीन रोमन अक्षरं लिहिली आणि बाजूला झाला.

मिर.

"आईच्या स्लोव्हेनियनमध्ये शांतता," झाल्का हळूच म्हणाली.

"शांतता कसली?" एर्विन उसळला. "जर्मनमध्ये वाच. 'मला'. एव्हा, मला. मला काय? उर्बानकाका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"'माझ्याकडे' असंही होतं की रे तुझ्या भाषेत. बघ जरा आठवून."



एर्विन खाली बघत सांगू लागला. लहानपणी तो द्रावा नदीत उतरायला घाबरायचा. आई गुडघाभर पाण्यात हात पसरून उभी राहायची. पोराचं शाळेत अडू नये म्हणून ती आपल्या मोडक्या जर्मनमध्ये हाक मारायची, ये माझ्याकडे. त्या हाकेतला शेवटचा शब्द हाच होता.

"मला नाही कधी अशी हाक मारली," झाल्का म्हणाली.

"तू घाबरायची कुठे? तूच तर मला ढकलायचीस."

झाल्काला हसू आलं. ते लपवायला ती खिडकीकडे वळली.

उर्बानने छिन्नी घेतली. यांचं मत फिरायच्या आत त्याला शब्द दगडात उतरवायचा होता. शेवटचं अक्षर झाल्यावर त्याने धूळ फुंकली. झाल्काने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"बाबांच्या दगडावरही हाच घाला," एर्विन म्हणाला. बहिणीकडे न बघताच.

झाल्काने डोळे पुसले आणि मान डोलावली.

तेवढ्यात दार ढकलून एव्हा काठी टेकत आत आली, जिवंतपणीच मागवून ठेवलेल्या आपल्या दगडावरचा शब्द तिने चष्मा लावून वाचला आणि पोरांना म्हणाली, "जमलं एकदाचं? चला मग घरी. चक्का-पुदिन्याच्या करंज्या गार होतायत, आणि पानं मी एकाच टेबलावर मांडलीत."